भुसा ओढणारं यंत्र

माझी बदली नांदेडहून लातूरला झाली, तेव्हा लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. दवाखान्याला जिल्ह्याचा दर्जा मिळाला होता, म्हणून नर्सच्या जागा वाढल्या होत्या. आमचे हे नांदेडला एका आरा मशीनवर लाकूड चिरायच्या कामाला होते. मी म्हटलं, बदली रद्द करून घेते. ते म्हणाले, "कशाला? नवीन जिल्हा हाय. रोज एक कचेरी उघडून राहिली. त्यांना टेबलं लागतील, खुर्च्या लागतील, कपाटं लागतील. माझ्या हाताला तिकडं जास्त काम मिळंल."

ते खरं निघालं. आम्ही गावाच्या कडेला एक घर भाड्यानं घेतलं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड. मधल्या खोलीतून शेडमध्ये जायला एक दार होतं. यांनी शेडमध्ये मोटारीवर चालणारी गोल करवत बसवली, तिला जोडून रंधा, आणि बाजूला लाकूड घासायची चकती. महिनाभरात कामाची रांग लागली. नवीन सागवान मिळायचं नाही आणि परवडायचंही नाही, म्हणून मोडलेल्या घरांची दारं, चौकटी, तुळया आणून त्यातूनच ते टेबलं काढत. जुनं सागवान चांगलं मुरलेलं असतं. त्याला कापलं की तेलकट, उग्र वास सुटतो. तो वास मला आवडायचा. पुढं तोच वास आला की मी आधी मुलीकडं धावायला लागले.

आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. नांदेडला असताना तिला सर्दी-पडसं व्हायचं, तेवढंच. लातूरला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिच्या छातीत घरघर सुरू झाली. आधी वाटलं, हवा बदलली असेल. मग एके सकाळी ती अंथरुणात उठून बसली आणि खांदे वर उचलून श्वास घ्यायला लागली. मी वॉर्डात अशी मुलं रोज पाहत होते. त्यांच्या आयांना "घाबरू नका" असं रोज सांगत होते. माझ्या लेकीचे खांदे तसे वर-खाली होताना पाहिल्यावर मी तिला उचललं आणि तशीच दवाखान्यात पळाले.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि विचारलं, "घरात धूळ असते का?"

मी म्हणाले, "घराला लागूनच सुतारकाम आहे."

त्यांनी कानातली नळी काढली. मग म्हणाले, "बंद करा म्हणत नाही. पण ती धूळ घरात येता कामा नये. आणि काम करणाऱ्याच्याही छातीत जाता कामा नये. सागवानाची धूळ वाईट."

नांदेडला यावर आमच्याकडं साधा उपाय होता. तिथं पाण्याची कमी नव्हती. आरा मशीनवर सकाळ-संध्याकाळ सडा मारायचे, दारांवर ओली पोती टांगायचे, भुसा ओला करून मगच झाडायचे. लातूरला आल्यावर आम्हीही मधल्या दारावर ओलं पोतं टांगलं. पण त्या वर्षी पाऊस झालाच नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही जेमतेम झाला होता. उन्हाळा लागायच्या आतच नळ कोरडे पडले, हातपंप नुसते वाजायला लागले. टँकर यायचा, पण कधी येईल याचा भरवसा नव्हता. प्यायच्या पाण्याचीच चिंता, तिथं पोतं कशानं भिजवायचं? आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यात भांडी विसळायची आणि उरलेलं पोत्यावर शिंपडायचं, असं मी काही दिवस केलं. मग तेही उरेना. पोतं वाळून कडक झालं, आणि दार उघडलं की त्याच्यातूनच धूळ झडायला लागली.

रोज ड्यूटीवरून घरी आले की मी आधी मुलीजवळ जायची आणि तिचा श्वास ऐकायची. मग शेडमध्ये डोकावायची. हे कामात असत. भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळसर झालेलं. तोंडाला रुमाल बांधलेला असे, पण तो सोडला की नाकाखाली दोन ओल्या काळपट रेघा दिसत. सकाळी उठल्यावर ते खोकायचे. "कामावर खोकला व्हतोच," म्हणायचे. मी म्हणाले, "माझ्याबरोबर चला, छातीचा फोटो काढू." ते "हाव, बघू" म्हणत आणि विषय बदलत.

त्यांनी पहिला इलाज केला तो भिंतीतल्या पंख्याचा. शेडच्या मागच्या भिंतीला मोठं भोक पाडून हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला. शेडमधली धूळ खरंच कमी झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. दोन-तीन दिवसांनी शेजारच्या मावशी हातात घागर घेऊन आल्या. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. घागर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "बघ गं नर्सबाई."

पाण्यावर पिवळसर साय धरली होती. बारीक भुसा होता तो.

"हे पाणी मी कुठून आणलं तुला मालूम हाय ना?" मावशी म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमच्या घरातली धूळ तुम्ही माझ्या घरात लोटून दिली. आता मी कुणाच्या घरात लोटू?"

यांनी त्याच दिवशी पंखा काढला आणि भोक विटांनी बुजवलं.

मग ते नांदेडला गेले. तिथल्या भंगार बाजारात त्यांना एका बंद पडलेल्या कारखान्यातला ब्लोअर मिळाला. लोखंडी डब्यात फिरणारं पातं, एका बाजूनं हवा ओढायची आणि दुसऱ्या बाजूनं फेकायची. फेकायच्या तोंडाला त्यांनी जाड कापडाची माणसाएवढी पिशवी बांधली. करवतीखालून पाइप नेऊन ब्लोअरला जोडला. मोटार सुरू केली की ती पिशवी फुगून उभी राहायची आणि भुसा सगळा तिच्यात जायचा. मुलगी तिला "लठ्ठ बाई" म्हणायची. हे खूश होते. जमिनीवर भुसा दिसत नव्हता.

मला मात्र एक गोष्ट दिसत होती. दुपारी पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत यायची, त्या तिरिपीत पिशवीभोवती धूर असल्यासारखं काहीतरी सतत हलत असायचं. जाडा भुसा पिशवीत राहत होता. पिठासारखी बारीक धूळ कापडातून चाळली जाऊन पुन्हा हवेत येत होती. मी दवाखान्यातून पांढऱ्या गॉजचा तुकडा आणला आणि मधल्या खोलीच्या खिडकीला बांधला. संध्याकाळी सोडला तेव्हा तो चहाच्या गाळण्यासारखा दिसत होता.

मी तो यांच्यासमोर धरला. ते बघत राहिले. "दिसतो तो भुसा गेला," मी म्हणाले, "न दिसणारा राहिला. छातीत जातो तो न दिसणाराच."

"मग कामून करायचं हे सगळं?" ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. मला त्यांचा राग आला नाही. ते थकले होते.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दुपार आली.

माझी सकाळपाळी संपली होती. मी घरी येऊन जेवून तांदूळ निवडत बसले होते. मुलगी मधल्या खोलीत चटईवर झोपली होती. वीज बराच वेळ गेलेली होती, ती नुकतीच आली होती, आणि हे घाईनं एक तुळई चिरायला लागले होते. करवतीचा आवाज, ब्लोअरचा आवाज, मधूनच पाइपातून काहीतरी खडखडत गेल्याचा आवाज. असे आवाज रोजचेच होते. मला धुराचा वास आला. वाटलं, शेजारी चूल पेटवली असेल. मग करवत थांबली. ब्लोअर थांबला. आणि शेडमधून यांचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं, इकडं ये. पळत येऊ नको. दार हळू उघड."

मी दार उघडलं. ते पिशवीपासून चार हात दूर उभे होते. पिशवीच्या तळाशी कापडावर एक तपकिरी डाग पडला होता. माझ्या डोळ्यांदेखत तो डाग मोठा झाला आणि त्याच्या मधोमध लाल ठिपका दिसायला लागला.

"पोरीला आधी बाहेर काढ," ते म्हणाले.

मी मुलीला झोपेतच उचललं आणि मावशींच्या ओट्यावर नेऊन त्यांच्या मांडीवर दिलं. "आग आहे," एवढंच बोलले. परत धावत आले तेव्हा यांनी पिशवी ओढून शेडच्या बाहेर न्यायचं ठरवलं होतं. मी "नको" म्हणेपर्यंत त्यांनी तिचं तोंड ब्लोअरवरून खेचून काढलं. पिशवी खाली कोसळली, आतून धुळीचा लोट उठला, आणि त्या लोटानं पेट घेतला. आवाज फार मोठा नव्हता. कुणीतरी तोंडानं जोरात फुंकर मारावी तसा होता. ज्वाळा पत्र्यापर्यंत गेली आणि लगेच नाहीशी झाली. क्षणभर वाटलं, विझली. पण खाली रंध्याच्या ढलप्या पडलेल्या होत्या, त्या पेटल्या होत्या. कोपऱ्यात तासून ठेवलेल्या फळ्या होत्या. त्यांच्यापलीकडं पॉलिशचे डबे होते.

हे हात झटकत होते. मी घरात पळाले. ड्रमात तळाशी पाणी होतं, तेवढंच आमचं होतं. बादली बुडवली, ओतली. पुन्हा बुडवली. तिसऱ्या वेळी बादली ड्रमच्या तळाला घासली आणि अर्धीसुद्धा भरली नाही. मी ती घेऊन शेडच्या दारात उभी राहिले आणि समोर आग तशीच होती. आयुष्यात मी पुष्कळ वाईट पाहिलं आहे, दवाखान्यात ते पाहावंच लागतं. पण रिकामी बादली हातात घेऊन आगीसमोर उभं राहणं, त्याच्यासारखी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

कुणीतरी मला बाजूला सारलं. मावशी होत्या. मुलीला सुनेकडं देऊन त्या आल्या होत्या, आणि काखेत त्यांची भरलेली घागर होती. त्यांनी ती पॉलिशच्या डब्यांपुढच्या फळ्यांवर उपडी केली आणि ओरडल्या, "पाणी पुरायचं न्हाई. वाळू आणा रे, वाळू!"

समोर रस्त्यापलीकडं एका सरकारी कचेरीचं बांधकाम पाण्याअभावी बंद पडलं होतं. वाळूचा ढीग तिथं तसाच पडून होता. गल्लीतली माणसं धावली. घमेल्यांनी, टोपल्यांनी, बायांनी तर पदरात भरभरून वाळू आणली. मीही आणली. कोण काय बोलत होतं ते मला आठवत नाही. वाळू पडल्यावर आगीचा होणारा चिरचिर आवाज तेवढा आठवतो. काही वेळानं शेडमध्ये नुसता धूर आणि वाळू उरली.

यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. भुवया जळाल्या होत्या. मी त्यांना दवाखान्यात नेलं, माझ्या हातानं पट्टी केली. गाठ दोनदा सुटली तेव्हा दुसरी नर्स म्हणाली, "तुम्ही बसा, मी करते." मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी यांनी डाव्या हातानं ब्लोअर उघडला. आतल्या लोखंडी पात्याची कड एका ठिकाणी उडाली होती. वाळूत चाळून पाहिल्यावर एक वाकडा खिळा सापडला. जुन्या तुळईतला. करवतीनं तो उडवला, पाइपानं ओढला, पात्यावर आपटून त्याची ठिणगी झाली आणि ठिणगी पिशवीत जाऊन बसली. वाळलेल्या भुशानं भरलेल्या, हवा खेळणाऱ्या पिशवीत.

"आपण घरात चूलच फुगवून ठेवली व्हती," ते म्हणाले.

मावशींचे यजमान एका डाळ मिलमध्ये कामाला होते. संध्याकाळी ते चौकशीला आले तेव्हा म्हणाले, "आमच्या मिलमध्ये डाळीचा भुसा लई उडतो. पण तो कुठं दिसत न्हाई. एकदा येऊन बघा तरी."

हाताची जखम थोडी सुकल्यावर आम्ही दोघं गेलो. मिलचे मालक वयस्कर होते, कपाळाला भस्माचे पट्टे, सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांनी स्वतः फिरून दाखवलं. मिलच्या बाहेर भिंतीला धरून पत्र्याचं एक उंच नसराळं उभं होतं, वर रुंद, खाली निमुळतं. तेल ओतायचं नसराळं असतं ना, तसंच, पण माणसापेक्षा उंच. त्याला सगळे सायक्लोन म्हणत होते. भुशाची हवा त्याच्यात कडेनं शिरते, आत गरगर फिरते, जड ते भिंतीला घासत खाली पिंपात पडतं आणि हलकी हवा वरच्या तोंडानं निघून जाते. हवा ओढणारा पंखा त्याच्याही पलीकडं असतो, म्हणजे भुसा आणि खिळे आधी पिंपात पडतात, पंख्यापर्यंत पोचतच नाहीत.

"आणि हे बघा," अप्पांनी पाइपाच्या तोंडाशी बसवलेलं लोहचुंबक दाखवलं. त्याला तारेचे तुकडे, एक खिळा, एक वॉशर चिकटलेलं होतं. "शेतातून मालासंगं काय काय येतं. आगीची भीती आमालाबी हाय."

यांचं मन मात्र अजून दुसरीकडं होतं. हैदराबादचं भुसा ओढायचं एक नवीन मशीन त्यांनी एका दुकानात पाहिलं होतं. छोटं, रंगवलेलं, चाकांवर फिरणारं, करवतीच्या शेजारी राहील असं. त्यालाही कापडाचीच पिशवी होती, पण अधिक घट्ट विणीची. घरी येताना ते म्हणाले, "सायक्लोन लई मोठं व्हईल. आपलं शेड केवढं, ते केवढं. घरमालक भिंतीबाहेर बसवू देईल का? आणि आवाज?"

"नवीन मशीनची पिशवी कुठं राहील?" मी विचारलं.

"शेडमध्ये."

"आणि पोरगी कुठं झोपेल?"

ते चालता चालता थांबले. रस्त्याच्या कडेला टँकरसाठी घागरी मांडून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुला सांगितलं न्हाई. त्या दिवसापासून करवत सुरू करायला माझा हात उठत न्हाई. मोटारीचं बटन दाबायला गेलो की मला तो लाल ठिपका दिसतो. मला भीती वाटायली."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी एकटीच घाबरते आहे असं मला वाटत आलं होतं. त्या दिवशी कळलं की आम्ही दोघंही घाबरत होतो आणि एकमेकांपासून लपवत होतो.

"मग जे घराच्या बाहेर राहील तेच घ्यायचं," मी म्हणाले. "मोठं असो, कुरूप असो."

मिलचं पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरानं आमच्या शेडच्या मापाचं लहान सायक्लोन बनवून दिलं. घरमालकाला मी स्वतः जाऊन भेटले. त्यांचा होकार घेऊन सायक्लोन भिंतीबाहेर, मागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. खाली घट्ट झाकणाचं लोखंडी पिंप. वरच्या तोंडातून जी हवा निघते तिच्यात थोडी बारीक धूळ राहतेच, हे अप्पांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून ते तोंड गल्लीकडं न वळवता मागच्या पडीक रानाकडं वळवलं आणि त्याच्यावर जाड कापडाची दुहेरी नळी चढवली. चुंबक करवतीखालीच बसवलं. यांनी आणखी एक नियम केला, तुळई चिरायच्या आधी तिच्यावरून हातानं चुंबक फिरवायचं आणि प्रत्येक खिळा उपटायचा. त्यानं काम हळू झालं. कचेरीवाले कुरकुर करायचे. हे ऐकून घ्यायचे.

पहिल्या दिवशी सुरू करताना मावशी, त्यांचे यजमान आणि मी, तिघं शेजारी उभे होतो, आणि वाळूची दोन घमेली आमच्या पायाशी होती. मुलीला मी दवाखान्यातल्या एका मैत्रिणीकडं ठेवून आले होते. यांनी बटन दाबायला वेळ लावला. कुणी घाई केली नाही. काम झाल्यावर पिंपाचं झाकण उघडलं. खाली जाडा भुसा होता आणि त्याच्यावर पिठाचा थर, गव्हाच्या पिठापेक्षा मऊ. हे तो बोटांनी चोळत म्हणाले, "एवढं रोज माझ्या आत जात व्हतं?"

मी पिंपाचं झाकण लावलं. त्यानंतरच्या आठवड्यात ते न सांगता माझ्याबरोबर दवाखान्यात आले आणि छातीचा फोटो काढून घेतला. फिल्म वाळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो होतो. मी किती लोकांना त्या बाकावर बसवलं होतं, पण त्याच्यावर बसून वाट पाहणं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "डाग नाही. नळ्या सुजलेल्या आहेत. आता जपलं तर कमी होईल." यांचा सकाळचा खोकला कमी झाला, पण गेला नाही. मुलीची घरघर हळूहळू उतरली. थंडीत पुन्हा यायची. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि हवा धुतली गेली, तेव्हा तिला बरंच बरं वाटलं. यातलं किती पावसामुळं आणि किती यंत्रामुळं, हे मी आजही सांगू शकत नाही.

आमच्या यंत्राची खबर सुतारांमध्ये पसरली. कुणी ना कुणी बघायला यायचं. एकदा निलंग्याहून एक मिस्त्री आले, बरोबर बायको होती. ते सायक्लोनभोवती फिरले, हसले आणि म्हणाले, "आमचा बाप, आजा, सगळे भुशातच जगले. लाकडाच्या धुळीनं कोण मरतंय?" यांनी बाही वर करून भाजलेला हात दाखवला. मिस्त्री "ते नशिबाचं" म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

त्यांची बायको पिंपाजवळच थांबली. तिनं मला विचारलं, "ताई, हे रोज निघतंय?"

"रोज," मी म्हणाले. "तुमच्याकडं भुसा कोण झाडतं?"

"मीच," ती म्हणाली. "शेडातच चूल हाय आमची."

मी तिला चूल लांब न्यायला सांगितलं. तोंडाला ओलं फडकं बांधायला सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती, पण तिची नजर नवरा आत गेला होता त्या दाराकडं होती, आणि तो यातलं काही होऊ देणार नाही हे आम्हाला दोघींनाही कळत होतं. मिस्त्रींनी आतून हाक मारली. एसटीची वेळ झाली होती. ती गेली. पुढं त्यांच्याकडं काय झालं, मला कधी कळलं नाही.